डावा मागचा पाय

८ डिसेंबर १९७८

पोचलो एकदाचा मोहगोट्याला. नागपूरहून कुहीपर्यंत एस.टी., आणि कुहीहून पुढे धान उतरवून रिकाम्या परतणाऱ्या बैलबंडीत उताणा पडून. वर निळं आभाळ, पाठीखाली धानाचं तणीस, आणि बंडीवाला सगळ्या वाटेनं आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगतोय. शेवटी मीच सुनेची बाजू घेऊन भांडायला लागलो. ना ती सून पाहिली, ना तिच्या हातचं खाल्लं. पण प्रवास झकास झाला.

नोकरी लागली ती नागपुरात, सदरमध्ये. मी सिनेमाची पोस्टरं बघत उभा होतो. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे आणि शिकारी हॅट घातलेला एक म्हातारा पानवाल्याला विचारत होता की तंबू ठोकणारा कोणी माहीत आहे का. मी म्हणालो, मला येतं. रायपूरला सर्कशीत होतो. तिथं तंबू ठोकणाऱ्यांना पाणी पाजायचं काम होतं, पण बघितलेलं आहे सगळं. शिक्षण विचारलं तर मॅट्रिकपर्यंत म्हणालो. मॅट्रिक पास असं काही मी म्हणालो नाही, त्यानं विचारलंही नाही. दोघंही खूश.

म्हाताऱ्याचं नाव मनोहरराव. धरमपेठेत बंगला. वकिली पोराच्या गळ्यात घालून आता स्वतः ‘निसर्ग-संस्कार मंडळ’ चालवतो. म्हणजे काय, तर शहरातली पोट्टी सुटीत इथं आणायची, तंबूत झोपवायची, झाडं-पक्षी दाखवायचे आणि संध्याकाळी हात लांब करून शपथ घ्यायला लावायची की मी झाड तोडणार नाही. ज्यांनी जन्मात कुऱ्हाड धरली नाही ते शपथ घेतात. ज्यांच्या हातात कुऱ्हाड आहे ते डोक्यावर मोळी घेऊन तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, जाता जाता ही मजा बघत उभे राहतात.

जागा मात्र सुरेख आहे. मालगुजारांच्या काळातला तलाव, पाळीवर मोहाची झाडं, पलीकडे बांबूचं रान. अलीकडे माळावर तंबू आणि तीन खोल्यांची कौलारू बराक. पाण्यावर बदकं. थंडी अशी की चहाची किंमत कळावी.

शिबिरात प्रत्येकानं रोजनिशी लिहायची असा नियम आहे म्हणून ही वही. दिसतील त्या पक्ष्यांची नावं लिही, म्हणाले. पक्ष्यांना माझं नाव माहीत नाही, मी त्यांचं कशाला लिहू?

१० डिसेंबर

सकाळी पक्षी, दुपारी झाडं, संध्याकाळी शपथ. हे वेळापत्रक. पोट्टे अजून यायचे आहेत, तोवर मनोहरराव माझ्यावरच भाषणाचा सराव करतात. आज ‘वाघ हा जंगलाचा राजा का’ यावर बोलले. मी होळीच्या लाकडासारखा उभा राहिलो. ते बोलतात तेव्हा मिश्यांचं एक टोक हलतं, दुसरं हलत नाही. मी तेवढंच बघत असतो.

स्वयंपाकाला बायजाबाई आहे. गावातलीच, पन्नाशीची, जिभेला धार. आल्या आल्या म्हणाली की याची बोटं काही कामाची दिसत नाहीत. मी म्हणालो की तिची डाळही डाळीसारखी दिसत नाही. आमचं जमलं.

तिसऱ्या खोलीत मनोहररावांचं संग्रहालय आहे. बाटलीत साप, चितळाची शिंगं, घुबडाची पिसं. त्यातच एक वाघाच्या पावलाचा प्लास्टरचा साचा. जंगलखात्याचे लोक वाघ मोजताना ओल्या मातीतल्या ठशात प्लास्टर ओततात आणि सुकलं की उचलून घेतात. मातीतला खड्डा असा उंचवटा होऊन हातात येतो. हा डाव्या मागच्या पायाचा आहे, मोजणीला तोच घेतात म्हणे. मनोहररावांनी स्वतः याच तलावाच्या काठी बऱ्याच वर्षांपूर्वी घेतला. त्यानंतर इथं वाघ फिरकलेला नाही. बहुतेक भाषण ऐकून गेला असेल.

दुपारी बायजाबाई नव्या तांदळाची खीर घेऊन वाघदेवाला निघाली. खिरीचा वास चांगला होता म्हणून मीही मागे गेलो. बांबूचं रान ओलांडलं की गावाची शीव, तिथं शेंदूर फासलेला एक दगड. तोच वाघदेव. तिनं पाणी शिंपडून माती ओली केली. मूठ दाबली, मुठीपुढे चार बोटांची टोकं टेकवली. झाला वाघाचा पंजा. असे ओळीनं काढत गेली, सगळे जंगलाकडे तोंड करून. मी हसलो. तिनं विचारलं, तुझी आई दिवाळीत लक्ष्मीची पावलं काढते का? म्हणालो, काढते.

“मंग? लक्ष्मीचे पाय घरात, वाघाचे पाय बाहेर. येवढं तं लेकरालेही समजते.”

खीर मात्र देवाला वाटीभर आणि मला चमचाभर. देवाला भूक असते का? मला होती.

१३ डिसेंबर

पोट्टे आले. नागपूरच्या कुठल्याशा इंग्रजी शाळेचे. एकाच्या गळ्यात दुर्बीण, पण धूळ लागेल म्हणून डबीतून काढायची नाही अशी आईची ताकीद. दुसऱ्यानं चिवड्याची अख्खी पेटी आणली आहे. उतरल्या उतरल्या सगळ्यांचा एकच प्रश्न, वाघ कुठे आहे?

मनोहररावांनी टिटवी दाखवली. पोट्टे म्हणाले, टिटवी आमच्या ग्राउंडवरपण आहे. मग मोहाचं झाड दाखवलं. एकानं विचारलं, याच्यापासून दारू करतात ना? मनोहरराव म्हणाले, आपण त्याच्या सावलीविषयी बोलत आहोत.

संध्याकाळपर्यंत निम्मे पोट्टे घरी जायचं म्हणून बसले. त्यांच्याबरोबरचे मास्तरही जांभया देत होते. मनोहररावांचा चेहरा उतरला. शपथेला हात लांब केला तो त्यांनी एकट्यानंच. मला काही दया वगैरे आली नाही. मला एक गंमत सुचली.

१४ डिसेंबर

फटफटताना डबा घेऊन तलावाकडे गेलो आणि पोत्यात गुंडाळून साचा नेला. बांबूच्या रानापासून पाण्याच्या काठाकाठानं चिखलात एक ओळ काढली. दाबायचा, उचलायचा, पुढे व्हायचं. तोंड तंबूंकडे, कारण पोट्टे तंबूत. वाघ त्यांच्याकडे यायला पाहिजे. परत जाणाऱ्या वाघाला कोण भितो? माझी पावलं पळसाच्या फांदीनं झाडून टाकली आणि येऊन झोपलो.

एकच पाय होता ना माझ्याजवळ. डावा मागचा, डावा मागचा, डावा मागचा. वाघ लंगडी घालत पाणी प्यायला आला म्हणायचं. वाटलं, पहिल्याच नजरेत पकडला जाईन.

पण मनोहरराव! चिखलात गुडघे टेकले. हॅट काढली. पोट्ट्यांना समजावून सांगितलं की वाघ चालताना मागचं पाऊल पुढच्या पावलावर टाकतो, म्हणून पुढचे ठसे दिसत नाहीत. आणि उजव्या बाजूचे? तर म्हणाले, उजवीकडची माती घट्ट आहे. मी हाताची मूठ चावली. माणूस शिकला की त्याला काहीही समजावता येतं, स्वतःलासुद्धा.

पोट्टे एकमेकांना चिकटून उभे. घरी जायचं कोणी नाव काढीना. दुर्बीणवाल्यानं दुर्बीण डबीतून काढली.

बायजाबाई पाण्याला आली होती. ठशांकडे पाहिलं, मग माझ्या नखांतल्या चिखलाकडे पाहिलं. दुपारी माझ्या ताटात भाजी वाढली नाही.

१६ डिसेंबर

कालही काढले, आजही काढले. रोज थोडे अलीकडे. आज तर पाळीच्या पायथ्यापर्यंत आणला. उचलताना साचा हातातून निसटून दगडावर पडला, बाहेरच्या बोटाचा टवका उडाला. पुढचे ठसे सगळे टवक्याचे. मनोहररावांनी ते हेरलं. म्हणाले, जुनी जखम दिसते. बिचाऱ्या वाघाच्या पायात कोण्या शिकाऱ्याचा छर्रा गेला असणार. एका पोट्ट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथल्या तिथं शिकार न करण्याची जादा शपथ झाली.

आता मनोहररावांना आकाश ठेंगणं. हे पोट्टे उद्या जातील. बावीस तारखेला नागपूरहून मुलींची शाळा येणार आहे. पुष्पलताबाई नावाच्या कोणी बाई घेऊन येतायत. मुली म्हणे वाघाचं ऐकून नाचतायत.

संध्याकाळी बायजाबाईनं मला चुलीपाशी बसवलं आणि सरळ विचारलं की हे पाय मीच काढतोय ना. मी म्हणालो, हो, काय बिघडलं? ती म्हणाली, तोंड इकडे करून काढले. मी म्हणालो, मग काय पाठ करून काढू? तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली की ज्याला पाय काढून दिले त्याला वाट दिली. वाट दिली की तो येतो. कोण येतो, ते तिलाही ठाऊक नाही. तिनं कधी पाहिलेलं नाही. सासूच्या तोंडून ऐकलेलं.

मी म्हणालो, तुझ्या सासूला मनोहररावांच्या मंडळात घे. दोघांचं छान जमेल.

१८ डिसेंबर

काल पोट्टे गेले. मनोहररावही त्यांच्याच गाडीनं नागपूरला गेले, मुलींच्या शाळेत भाषण करायला. माळ रिकामा झाला. मी साचा संग्रहालयाच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या करदोट्याला. गोंदियाला विडीच्या कारखान्यात माझा एक दोस्त आहे. महिनाअखेर तिकडे सटकायचा विचार आहे. इथं गंमत होती ती संपली.

सकाळी दात घासत पाळीवर गेलो. पाळीच्या माथ्यावर ठसे.

मी माथ्यावर काढले नव्हते. पायथ्यापर्यंतच काढले होते. हे पायथ्यापासून चढून वर आले आहेत. तोच डावा मागचा. तोच टवका.

पहिल्यांदा हसलो. म्हटलं, म्हातारा शिकला! मग आठवलं की म्हातारा नागपूरला आहे. बायजाबाईला जाऊन विचारलं, तर तिनं उलट्या हाताच्या बोटांनी कपाळ बडवलं. कपाट उघडलं. साचा जागेवर. कोरडा. चिखलाचा कण नाही.

आणि पाळीचा माथा म्हणजे मुरूम. गाड्यांनी दाबून दाबून दगड झालेला. तिथं मी साचा आपटून पाहिला. रेघसुद्धा उठत नाही. हे ठसे वीतभर खोल आहेत.

कोणी तरी गावातला टवाळ असणार. पहारीनं कोरले असतील. भेटू दे.

१९ डिसेंबर

टवाळ नाही.

भर दुपारी पाळीवर बसलो होतो, मुद्दाम, काठी घेऊन. ऊन चांगलं होतं. शेवटच्या ठशापुढची धूळ मी स्वतः हातानं सपाट केली होती. विडी पेटवायला मान खाली घातली. वर केली तर एक ठसा जास्त. धूळ अजून कडेनं खाली सांडत होती. आवाज नाही, वास नाही. तलावावरची बदकं सगळी एकाच वेळी उडून गेली आणि अजून आलेली नाहीत.

एकच पाय. दुसरा पडतच नाही. मी एकच दिला.

संध्याकाळी बायजाबाईची बकरी माळावर मेलेली सापडली. रक्त नाही. ओरखडा नाही. कुशीवर पडली होती आणि बरगड्यांत एक पंजा उमटला होता. जसा चिखलात उमटतो तसा. आत. टवक्यासकट.

बाईनं तिच्यावर पोतं टाकलं. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी बिनडोक असेन, पण इतकं मला कळतं की हे तंबूंकडे चाललंय, कारण मी त्याला तिकडचा रस्ता दाखवला. आणि बावीस तारखेला तंबूंत पोरी असणार.

२० डिसेंबर

मनोहरराव आले. बकरी दाखवली. मला वाटलं, आता तरी तोंड पांढरं पडेल. पोतं उचललं, वाकून बघितलं, आणि म्हाताऱ्यानं माझा हात धरला. आनंदानं! म्हणाले, शिकार! वाघ इथं मुक्काम करतोय! मुली येईपर्यंत बकरी हलवायची नाही, प्रत्यक्ष दाखवायची.

मी म्हणालो, शिबिर रद्द करा. का, म्हणून विचारलं. मग सगळं सांगितलं. साचा, पळसाची फांदी, लंगडी, टवका. कपाटातून साचा आणून त्यांच्यासमोर चिखलात दाबून दाखवला.

त्यांनी दोन्ही ठशांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. चहाच्या कपात माशी पडली की बघतात तसं.

“तू? अबे, तुला डावा-उजवा तरी कळतो का? मी वाघ ओळखतो. तू तंबू ठोक.”

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो. ते या माणसापाशी बोलायचं होतं काय?

ठसे पाळ उतरलेत. माळावर आलेत.

२१ डिसेंबर

सायकल घेऊन कुहीला गेलो. पोस्टातून नागपूरला शाळेत ट्रंककॉल लावला. पुष्पलताबाई स्वतः फोनवर आल्या. आवाज गोड. मी सांगितलं, येऊ नका, इथं जनावर आहे, बकरी मारली. बाई हसल्या. म्हणाल्या, तेच तर बघायला यायचंय, मुली रात्रभर झोपल्या नाहीत. मी म्हणालो, मरतील. त्या म्हणाल्या, मनोहररावांनी आधीच सांगितलं होतं की तिथला एक नोकर घाबरट आहे. फोन ठेवून दिला.

मी जितकं घाबरवतो तितका त्यांचा हुरूप वाढतो. बरोबरच आहे. हा धंदा मीच सुरू केला.

परत आलो तर बराकीच्या ओट्यावर —

म्हाताऱ्यानं साच्याचे साचे काढलेत. प्लास्टर नागपूरहून आणलं. ओट्यावर उन्हात वाळत घातलेत, पापडांसारखे. प्रत्येक मुलीला एक. प्रात्यक्षिक, म्हणाले. मुली ओळीनं बसतील आणि प्रत्येकीनं आपल्यापुढच्या मातीत वाघाचं पाऊल उमटवायचं. म्हणजे प्रेम निर्माण होतं.

तोंड कुणीकडे करून उमटवतील? स्वतःकडेच ना. बसलेलं पोर दुसरं काय करणार?

म्हातारा आंघोळीला गेला. मी पाटा-वरवंट्याचा वरवंटा घेतला आणि सगळे फोडले. एकूण एक. भुगा तलावात. जुना तेवढा ठेवला.

बाहेर येऊन त्यानं मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. उद्या मुलींसमोर माझ्याकडून माफी मागवणार आहे. मागव.

बायजाबाईला विचारलं, आता काय? ती म्हणाली, ज्यानं आणलं त्यानंच न्यायचं. शेवटच्या पायापासून उलटे, बाहेर तोंडाचे काढत जायचे. वाघदेवाच्या पलीकडे शेवटचा पाय पडला पाहिजे. मी विचारलं, असं कोणी केलंय का आधी?

“माह्या सासूनं आयकलं होतं. केलं कोनं नाई. इतका बयताड कोनी नव्हता गावात.”

मग म्हणाली, सुटून जायचं असलं तर आताच जा, सायकल आहे. मी तुले अडवून नाई राहिली.

सायकलजवळ गेलोही. हवा बघितली. गोंदियाचा रस्ता सरळ आहे.

त्या पोरी मूर्ख आहेत. बाई मूर्ख आहे. म्हातारा तर —

सायकल परत भिंतीला लावली. का, ते मला विचारू नका.

२२ डिसेंबर

उजाडलं. मधल्या तंबूत, मुलींसाठी अंथरलेल्या सतरंजीवर — ठसा. कापड फाटलेलं नाही. नुसतं आत गेलंय, खाली जमिनीसकट.

म्हातारा मुलींची गाडी घ्यायला कुहीला गेला. माफीचं लक्षात ठेव म्हणाला.

साचा घेतला. वही खिशात, पेन्सिल कानावर. तोंड जंगलाकडे करून पहिला ठसा दाबला.

-

माळ झाला. मागे पाहिलं. माझे ठसे बोटभर खोल होते. आता वीतभर आहेत. मी पुढचा दाबला की मागचा खचतो. एक-एक करून.

येतंय. म्हणजे बाईची सासू खरं बोलली. निदान अर्धं.

मी थांबलो की थांबतं. म्हणून लिहितोय.

-

पाळ. मुरूम कठीण, पण कडेला गाड्यांनी उडवलेली धूळ आहे, तीत उमटतो. उतरलो. चिखल, सोपं.

हसू येतं. मॅट्रिक नापास माणूस, बोटाला धरून शाळेत सोडायला निघालेला — कोणाला? मागे काही नाही. नुसतं ऊन. गवतसुद्धा हलत नाही.

-

बांबू. इथं पाला आहे. पाला बाजूला करून माती उघडी करावी लागते. तेवढा वेळ ते मागे उभं असतं. अगदी मागे. मानेवर ऊन लागायचं बंद झालंय.

-

शीव. दगड. शेंदूर.

दगडाच्या पलीकडे शेवटचा, असं बाई म्हणाली. पलीकडे नुसता खडक आहे. काळा, सपाट, उतारापर्यंत. खीर घेऊन आलो तेव्हा कोण पलीकडे बघतो?

दाबला. नाही उमटत. थुंकून दाबला. धूळ मुठीनं आणून टाकली, वाऱ्यानं नेली. पुन्हा आपटला —

फुटला. दोन तुकडे. हातात आता काही नाही.

-

हॉर्न. पाळीकडून. गाडी आली. गाणं म्हणतायत. सगळ्या मिळून, बेसूर.

शेवटचा ठसा माझ्या पायापाशी आहे. दगडाच्या अलीकडे. मी बघतोय. त्याला पुढे टाकायला जागा नाही. तो — फिरतोय. मातीतल्या मातीत. टाच इकडे येतेय, बोटं तिकडे —

तिकडे म्हणजे तंबूंकडे.

खडकावर उमटत नाही. खडकावर मऊ असं काही नाही. बकरीच्या बरगड्यांत उमटला होता —

म्हाताऱ्याला हे कोणी सांगू नका. याचीही शपथ करेल तो —

दगडाच्या पलीकडे आलो. आडवा झालोय. वही छातीवरून बाजूला धरून —

ए. इकडे. तिकडे नाही, इकडे बघ, हा घे पुढचा, इथं पाय ठेव आणि पलीकडे —

फिरायचं थांबलं.

वर ऊन नाही

ये, जड अस